दोनदा दुरुस्त झालेला वेग

आमच्या बैठकीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, आणि त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. शाळेत असताना एकदा मी मोठ्या हौसेनं स्टुलावर चढून काटे मागे घेतले, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की घड्याळ चुकायचंच, सगळीच चुकतात. ते किती चुकतं हे पक्कं माहीत असलं की झालं. काटे फिरवले की तेवढी माहितीही गेली. सध्याचा सेल तीन वर्षांपूर्वी घातलाय, घड्याळ महिन्याला पाच सेकंद पळतं, म्हणून आज तीन मिनिटं पुढे. सेल टाकल्याची तारीख घड्याळाच्या मागे चिकटवलेली आहे.

बाबांना वेळ विचारली की ते घड्याळाकडे बघतात, मनातल्या मनात तीन वजा करतात आणि खरी वेळ सांगतात. वजा केल्याचं काही सांगत नाहीत. आई आणि मी जन्मभर हेच ऐकत आलोय, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. घरातली खोड घरातल्यांना दिसत नाही, आणि मला ती दिसली नाही म्हणून माझी काय गत झाली तेच सांगतेय.

बाबा म्हणजे घड्याळमास्तर. त्यांना संस्थेत सगळे याच नावानं ओळखायचे, अजूनही ओळखतात. जुन्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीखाली एक खोली होती, तिथे क्वार्ट्झचं घड्याळ असायचं. ते रोज रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून बघायचं आणि ताऱ्याकडून येणारा ठोका नेमका किती वाजता आला ते पत्रकावर लिहायचं, हे त्यांचं काम. मी त्याच संस्थेत तारे अभ्यासते. वशिल्यानं लागले नाही, हे इथेच सांगून ठेवते, कारण विचारणारे फार आहेत.

माझा तारा न्यूट्रॉन तारा आहे. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, बाहेरचा सगळा पसारा स्फोटात उडून जातो आणि मागे एक गोळा उरतो. एखाद्या शहराएवढा, पण वजनाला सूर्याहून भारी. तो गरगर फिरतो आणि दर फेरीला आपल्याकडे एक ठोका पाठवतो. इथवर ठीक आहे. पण हे गोळे जन्मल्या जागी बसून राहत नाहीत. बहुतेक सगळे सेकंदाला दोनशे, तीनशे, पाचशे किलोमीटर वेगानं पळत सुटलेले असतात. ज्या ताऱ्यापासून ते झाले तो बिचारा असा कुठे धावत नव्हता. मग जन्माच्या वेळी यांना ढकललं कुणी? मी बावीस वर्षांची असल्यापासून या एका प्रश्नामागे लागलेय.

माझा ताराही पळताना दिसत होता, आणि कसा! सेकंदाला पंधराशे किलोमीटर. त्याची जुनी जागा बाबांच्या काळातल्या सात वर्षांच्या पत्रकांवरून काढलेली, नवी जागा आजच्या दुर्बिणीवरून. मधली सव्वीस वर्षं कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. जागा काढायची रीत सोपी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचे ठोके अर्धं वर्ष जरा लवकर येतात आणि अर्धं वर्ष जरा उशिरा. आपण ताऱ्याची दिशा चुकीची धरली, तर हा लवकर-उशीर पुरता मिटत नाही, वर्षाच्या मापाची एक लाट उरते. लाट जेवढी मोठी, तेवढा तारा धरलेल्या जागेपासून दूर. आजची जागा धरली तर जुन्या पत्रकांत लाट उरत होती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची. म्हणजे तारा भलताच सरकला होता.

माझ्या शेजारच्या खोलीत स्फोटवाला बसतो. तो दिवसभर संगणकात तारे फोडत असतो, म्हणून हे नाव. पंधराशेचा आकडा ऐकून त्यानं डोक्याला हात लावला.

"माझा एकही स्फोट हजाराच्या वर जात नाही," तो म्हणाला. "तुझं खरं असेल तर माझी सहा वर्षं पाण्यात."

"गेली तर गेली," मी म्हणाले. मला लाजबीज काही वाटली नाही. उलट आनंदच झाला.

तर शोधनिबंध लिहून झाला. दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी पाठवायचा ठरला. जुन्या घड्याळाची रोजची चूक बाबांनी सात वह्यांत लिहून ठेवली होती, निळ्या पुठ्ठ्याच्या, एकही खाडाखोड नाही. त्या वह्यांवरूनच मी सगळ्या जुन्या वेळा दुरुस्त केल्या होत्या. अकरा दिवसांच्या वेळा तेवढ्या कशातच बसत नव्हत्या. कुणीतरी बदलीवरच्या माणसानं घोळ घातला असणार म्हणून मी त्या काढून टाकल्या. आणि मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना सांगून मी लेखकांत बाबांचं नाव घातलं. माझं, स्फोटवाल्याचं, बाबांचं.

बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला. मग आठ दिवसांत केस कापणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते कळलेलं होतं. सत्याहत्तराव्या वर्षी माणसाचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, आणि ज्या वह्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं त्या वह्यांमुळे येणार होतं. निबंध पाठवायच्या दिवशी संस्थेत चहापान होतं, त्यासाठी त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून आठवडाभर आधीच दाराच्या खुंटीला लावून ठेवला. आई येताजाता त्या सदऱ्याला "या, बसा लेखक" म्हणायची.

आदल्या रविवारी दुपारी स्फोटवाला घरी आला. निबंधावरून शेवटचा हात फिरवायचा होता. दारातच आईनं त्याला नेहमीची सूचना दिली, "भिंतीवरच्या घड्याळावर जाऊ नकोस हं, तीन मिनिटं पुढे आहे." मग आम्ही बैठकीच्या खोलीबाहेरच्या गच्चीत बसलो. बाबाही येऊन बसले. त्यांना त्या प्रश्नानं झपाटलं होतं.

"मला एक सांग," ते स्फोटवाल्याला म्हणाले. "सगळं जर त्याच्याच पोटातून फुटलं, तर त्याला बाहेरून ढकलायला आलं कोण?"

"कुणीच नाही, काका. उकळत्या भांड्यावरचं झाकण बघा. ते कधी सरळ वर उचललं जातं का? एका बाजूनं उचकटतं. स्फोटाचंही तसंच. आत सगळं खदखदत असतं, आणि एका बाजूनं जास्त माल उडतो. मग गोळा उलट बाजूला जातो."

"बंदुकीचा दस्ता खांद्यावर बसतो तसा."

"तसाच. शिवाय ज्या बाजूचा माल सावकाश जातो, तो जवळच रेंगाळतो आणि गोळ्याला आपल्याकडे ओढत बसतो. पुष्कळसा वेग त्या ओढण्यातूनच येतो, असं माझं मत. दुसऱ्यांची दुसरी मतं आहेत."

"आणि सगळीकडून सारखंच उडालं तर?"

"तर राहील जागच्या जागी. काही लहान तारे एवढ्या पटकन फुटतात, की एकीकडे कलायला वेळच मिळत नाही. पण तसे सापडणं कठीण."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांतही फार थोड्यांच्या डोळ्यांत पाहिलंय.

स्फोटवाल्याचा फोन आत चार्जिंगला लावलेला होता. रविवारी बस तासाला एकच, पाच अठराची. थांबा चार मिनिटांवर. त्यानं विचारलं, "काका, किती वाजले?"

बाबांनी दारातून आत मान वळवून पाहिलं. "पाच वाजून तेरा."

"मग आहे वेळ," म्हणून त्यानं आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला, तो निवांत संपवला, आईचा निरोप घेतला आणि फोन उचलून गेला. दहा मिनिटांत धापा टाकत परत.

"काका, तुमचं घड्याळ बरोबर आहे! मुळीच पुढे नाही! बस माझ्या नाकासमोरून गेली."

"पुढेच आहे," बाबा म्हणाले. घड्याळाचा विषय निघाला की ते नाकावर माशी बसू देत नाहीत.

"कसं असेल? तुम्ही तेरा म्हणालात, मी तीन वजा करून दहा धरले, चार मिनिटं चालायला..."

"तू कशाला वजा केलेस? मी केले होते ना!"

आई पदराआड हसत सुटली. स्फोटवालाही हसला. मी मात्र हसू शकले नाही. कप खाली ठेवला.

मी उठून आत गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. वेळा दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, वहीतली चूक वजा करायची. ती काढून टाकली. खरं सांगायचं तर ही ओळ काढून एकदाही पाहिलं नव्हतं. न धुतलेला ग्लास कुणी तोंडाला लावतं का? दुरुस्ती न केलेल्या वेळा बघायच्या कशाला, असा माझा तोरा होता. काढून टाकलेले अकरा दिवसही परत घातले आणि पुन्हा चालवलं.

लाट गेली. सात वर्षांच्या वेळा एका सरळ रेषेत येऊन बसल्या, आणि ते अकरा ठिपके तेवढे रांग सोडून उभे राहिले. वेग आला चाळीस. चुकीला जागा ठेवली तरी पंचावन्नच्या वर नाही. जगातला सगळ्यात पळपुटा तारा म्हणून मी ज्याची वरात काढणार होते, तो जवळजवळ जागचा हलला नव्हता.

माझ्या लाटेशेजारी वहीतली चूक काढून पाहिली. घड्याळ उन्हाळ्यात पळायचं, चूक साठत साठत जायची आणि थंडी सुरू होताना सर्वांत मोठी व्हायची. माझी लाट तीच होती, फक्त उलटी. वजा केलेलं पुन्हा वजा केलं की दुसरं काय उरणार?

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलंच, की हे कळणार कुणाला? गुरुवारी निबंध जाईल, बाबा सदरा घालतील, चहापान होईल. आणि नंतर एक दिवस कुणीतरी नव्या दुर्बिणीनं चार-पाच वर्षं बघून सांगेल, की हा तारा तर हलतच नाही. तेव्हा बाबा असतील की नसतील कुणास ठाऊक. हा विचार जितका वेळ डोक्यात होता तितका वेळ मला माझीच किळस येत होती, पण होता, हे खरं. स्फोटवाल्याला काही न बोलता पुढच्या बसनं पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी मी बाबांच्या समोर बसले.

"बाबा, पत्रकावर वेळ लिहिताना घड्याळात दिसेल ती लिहायचात, की चूक काढून?"

"बरोबर वेळ लिहायचो."

"बरोबर म्हणजे कुठली?"

"अगं, बरोबर म्हणजे बरोबर! चुकीची वेळ लिहून खाली सही करू?"

"पत्रकावर छापलेलं होतं. घड्याळात दिसेल तीच वेळ लिहावी, निरीक्षकाने आकड्यात बदल करू नये."

"छापणाऱ्यानं जन्मात घड्याळ सांभाळलं नव्हतं." बाबांचा आवाज चढला. "सात वर्षं रोज, माझ्या हातून एक चुकीची वेळ पुढे गेलेली नाही!"

"मग वहीत चूक कशाला लिहायचात?"

"कुणी विचारलं तर दाखवता यावी म्हणून."

एवढं बोलून ते थांबले. हिशेबात ते माझ्याहून नेहमीच पुढे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तू वहीतली पुन्हा वजा केलीस."

"हो."

"किती उरला वेग?"

"चाळीस."

"चाळीसशे?"

"नुसते चाळीस, बाबा."

ते उठले. खुंटीवरचा सदरा काढला, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. कपाटाकडे तोंड करूनच म्हणाले, "माझं नाव काढ. नियम मोडणाऱ्याचं नाव नको." मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचा, माझा, पत्रक छापणाऱ्याचा, सगळ्यांचा. आईनंही त्या दिवशी लेखकाची थट्टा केली नाही.

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी गुरुवारचं चहापान रद्द केलं आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"चाळीस हाही आकडा वाईट नाही," त्या म्हणाल्या. "इतका संथ तारा कितीजणांनी मोजलाय? पण वडिलांचा शब्द मला मान्य असला तरी वाचणाऱ्यांना पुरायचा नाही. त्यांनी खरोखरच रोज दुरुस्त करून लिहिलं, याला आधार हवा."

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. दोन दिवस भिंतीकडे बघत बसलेला माणूस खुर्चीत सरळ झाला. "मूळ आकडा कोपऱ्यात आहे," ते म्हणाले. "पेन्सिलीनं, बारीक. शाईनं दुरुस्त केलेला, पेन्सिलीनं दिसलेला. टंकणाऱ्यांनी शाईचा तेवढा उचलला असेल."

"मूळ पत्रकं आहेत कुठे?"

"तळघरात. मीच बांधून ठेवलीत."

बुधवारी सकाळी आम्ही तिघं तळघरात उतरलो, बाबा, स्फोटवाला आणि मी. साधाच सदरा होता बाबांच्या अंगात. खोकी पाठीला पाठ लावून रचलेली, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात साल आणि महिना. त्यांनी पहिलं खोकं सोडलं आणि वरचं पत्रक दिव्याखाली धरलं. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढा पेन्सिलीचा आकडा होता. स्फोटवाल्यानं पेन्सिलीतून शाई वजा केली आणि मी वही उघडली. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत. दुसरं पत्रक, तिसरं, दहावं, साठावं, सगळी तशीच. स्फोटवाला एकेक आकडा वाचत होता आणि त्याचा आवाज हळूहळू मऊ होत गेला.

"काका," तो म्हणाला, "चूक तुम्ही रोज अशी टिपली नसतीत तर घड्याळाच्या गोंधळात हा संथ तारा आम्हाला सापडलाच नसता."

"नियम मोडला तो मोडलाच," बाबा म्हणाले.

मग मी ते अकरा दिवस काढले. पत्रकांवरचं अक्षर निराळंच होतं, गोल आणि उतरतं. कोपऱ्यात पेन्सिल नव्हती. घड्याळात दिसली ती वेळ इमानदारीत लिहिलेली, वहीत चूकही त्याच्याच हातची. म्हणजे माझ्या पहिल्या निबंधात फक्त हेच अकरा दिवस बरोबर होते, आणि नेमके तेच मी खराब म्हणून फेकून दिले होते.

"हा बदलीचा माणूस," बाबा पत्रक बघत म्हणाले. "नियमानं लिहीत होता, गाढव."

"तुम्ही सात वर्षांत अकरा दिवस रजा घेतलीत? आई तर म्हणते, तापातही कामावर जायचात."

"एकदाच घेतली." त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

मी तारीख वाचली. तो माझा जन्मदिवस होता. पुढचे दहा दिवस बाबा घड्याळापाशी नव्हते, माझ्यापाशी होते. स्फोटवाला उगाचच खोक्याची सुतळी गुंडाळू लागला. मी बाबांचा हात धरला. असा त्यांचा हात मी कितीतरी वर्षांत धरला नव्हता.

मोठ्या बाई अकराच्या सुमाराला खाली आल्या, पत्रकं पाहिली आणि म्हणाल्या, "घड्याळमास्तर, नाव राहणार. आणि नियम मोडल्याचंही निबंधात एका वाक्यात येणार. चालेल?"

"येऊ दे," बाबा म्हणाले. "पण ते वहीतही यायला हवं. पुढचा कुणी तिसऱ्यांदा वजा करायला नको."

त्यांनी पहिली वही मागून घेतली, पुठ्ठा उघडला आणि कोऱ्या पानावर खोक्यावर टेकूनच लिहिलं. "या वह्यांतील चूक पत्रकांवरील वेळेतून मी आधीच वजा केलेली आहे. तसे करायला नको होते. अपवाद, अकरा दिवस. मी रजेवर होतो." खाली सही केली. तारीख आजची घातली. तारखेपुढे वेळ लिहायची त्यांची पद्धत, म्हणून त्यांनी मान वर करून तळघराच्या भिंतीवरच्या धुळकट घड्याळाकडे पाहिलं.

"हे किती चुकतं?"

मी स्फोटवाल्याकडे पाहिलं, त्यानं मोठ्या बाईंकडे. माहीत कुणालाच नव्हतं. माझा फोन खिशात होता, तो काढायला मी हात घातला.

"राहू दे," बाबा म्हणाले. पेन क्षणभर कागदावर थांबला. मग त्यांनी लिहिलं, "अकरा वाजून वीस मिनिटे," आणि पुढे कंसात, अक्षर न अक्षर सुटं काढत, "घड्याळात दिसली ती."